मेलची वाट आणि डीएनएस : प्रस्तावना

445207 हा ढाणकीचा पिनकोड. गाव उमरखेड तालुक्यातले, जिल्हा यवतमाळ. पैनगंगा ओलांडली की मराठवाडा. लोकसभेचे मत पडते हिंगोली मतदारसंघात, कलेक्टर कचेरीचे काम निघाले की यवतमाळ गाठावे लागते, आणि मोठी खरेदी किंवा मोठा दवाखाना म्हटले की पाय नांदेडकडे वळतात. टपालखात्याला या ओढाताणीशी देणेघेणे नाही. पहिला 4 दिसला की पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड या भागाचे. 44 म्हणजे विदर्भ. 445 म्हणजे यवतमाळचा वर्गीकरण जिल्हा. आणि शेवटचे तीन आकडे डाकघराचे. कोलकात्यात सॉर्टिंगला बसलेल्या माणसाने ढाणकीचे नाव आयुष्यात ऐकलेले नसले तरी चालते. त्याने पहिला आकडा पाहावा आणि गठ्ठा योग्य गाडीत टाकावा. पुढचे पुढचा बघेल. ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर टपालखात्यातले वरिष्ठ अधिकारी तर होतेच, शिवाय संस्कृतचे कवी आणि नाटककारही होते. सूत्रशैलीची सवय असलेल्या माणसाला सहा आकड्यांत देश बसवणे फारसे जड गेले नसावे, असे मला आपले वाटते.

इंटरनेटवरचा पत्ता याच शहाणपणावर उभा आहे. फरक एवढाच, की तो उजवीकडून डावीकडे वाचायचा. ॲट चिन्हानंतरच्या भागात सर्वांत उजवीकडे जे असते ते सर्वांत मोठे क्षेत्र: इन, कॉम, किंवा भारत. त्याच्या डावीकडे संस्थेचे नाव, त्याच्याही डावीकडे संस्थेतला विभाग. इथेही सगळे काही कुणालाच माहीत नसते. ज्याला त्याला फक्त पुढच्या पायरीवरच्या माणसाचा ठावठिकाणा ठाऊक असतो. या विचारपूस करण्याच्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात. मेल सर्व्हरने डीएनएसला विचारून मेलची पुढची वाट कशी ठरवायची, आणि ती त्याने नीट ठरवावी म्हणून आपण त्याची मांडणी कशी करायची, हा या पुस्तकाचा विषय.

विषय ऐकायला अरुंद वाटतो. एखाद्या सिस्टम ॲडमिनच्या रात्रपाळीपलीकडे त्याचा कुणाला उपयोग, असेही वाटेल. पण त्याच्या पोटात एक मोठा प्रश्न आहे आणि त्यासाठीच हा विषय शिकण्याजोगा आहे, असे माझे मत आहे. प्रश्न असा: पत्र कुठल्या वाटेने जावे, हे ठरवायचे कुणी? पाठवणाऱ्याने, मधल्या लोकांनी, की घेणाऱ्याने? आज याचे उत्तर ठरलेले आहे. वाट घेणाऱ्याने जाहीर करायची, पाठवणाऱ्याने ती विचारून घ्यायची. हे आपल्याला इतके अंगवळणी पडले आहे की याखेरीज दुसरे काही असू शकते, हेच ध्यानात येत नाही. पण 1980च्या दशकात नेमके उलट चालत असे.

त्या काळी यूयूसीपी नावाचे एक जाळे होते. एक यंत्र रात्री फोनचे दर उतरले की मोडेमवरून दुसऱ्याला फोन लावी, साठलेली मेल त्याच्या हवाली करी, ते तिसऱ्याला. मेल पाठवणाऱ्याने पत्ता म्हणून ही आख्खी वाटच लिहायची: यंत्रांची नावे ओळीने आणि प्रत्येक दोन नावांमध्ये उद्गारचिन्ह. एकाच माणसाचा पत्ता बॉस्टनहून लिहिताना वेगळा आणि ॲमस्टरडॅमहून लिहिताना वेगळा. मधले एक यंत्र बंद पडले की पत्ता बाद. लोक आपल्या व्हिजिटिंग कार्डावर कुठल्यातरी प्रसिद्ध यंत्रापासून पुढची वाट छापत. तिथवर पोचायचे कसे, ते ज्याचे त्याने पाहावे. जाळ्याचे नकाशे चाळून जवळची वाट काढून देणारा पाथअलायस नावाचा प्रोग्रामही होता. आर्पानेट या त्याच काळातल्या दुसऱ्या जाळ्यावर हा त्रास नव्हता, पण तिथे दुसरी अडचण होती. साऱ्या यंत्रांची नावे एकाच फाइलमध्ये, ती फाइल कॅलिफोर्नियात एका ठिकाणी राखायची आणि सगळ्यांनी वेळोवेळी उतरवून घ्यायची. यंत्रे वाढली तशी ती फाइल आवरेना. नोव्हेंबर 1983 मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा पहिला आराखडा आरएफसी 882 आणि 883 या दोन टिपणांतून मांडला तो या अडचणीवरचा उपाय म्हणून.

आराखडा नव्यानेच बांधलेला, त्यामुळे मेलची सोय त्यात जराशी कच्ची होती. मेल स्वीकारणाऱ्या यंत्रासाठी एक नोंद आणि ती पुढे धाडणाऱ्या यंत्रासाठी दुसरी, असे दोन प्रकार ठेवले होते. दोन्ही नोंदी वेगवेगळ्या वेळी साठवल्या गेल्या की त्यांचा मेळ बसत नसे. जानेवारी 1986 मध्ये क्रेग पार्ट्रिज यांचे आरएफसी 974 हे टिपण आले. त्याने दोन्हींच्या जागी एकच नोंद आणली: एमएक्स. या नोंदीत फक्त दोन गोष्टी असतात, एक आकडा आणि एका यंत्राचे नाव. आकडा लहान तर पसंती अधिक. बस्स. टिपण अवघ्या काही पानांचे आहे आणि अजूनही वाचनीय आहे. नवशिक्याने ते आधी वाचावे आणि मग 2008 चे आरएफसी 5321 हाती घ्यावे, असा माझा आग्रह आहे. नियम का आला हे कळले, की नियम पाठ करावा लागत नाही.

एमएक्सने काय साधले, याचे सर्वांत चांगले उदाहरण आपल्या मुंबईतच सापडते. 1986 मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने अर्नेट हा संगणकजाळ्याचा प्रकल्प हाती घेतला. त्यातल्या आठ संस्थांपैकी दोन मुंबईत होत्या, जुहूचे एनसीएसटी आणि पवईची आयआयटी. 1987 मध्ये या दोन ठिकाणांमध्ये मेलची देवाणघेवाण सुरू झाली. 8 मे 1989 रोजी इन हे देशाचे नाव नोंदवले गेले आणि पुढची पंधराएक वर्षे त्याची राखण एनसीएसटीनेच केली. नंतर ते काम निक्सी या संस्थेकडे गेले. त्याच 1989 मध्ये जुहूहून अमेरिकेतल्या व्हर्जिनियात यूयूनेटपर्यंत एक भाड्याची लाइन मिळाली. तिचा वेग सेकंदाला 9600 बिट. आजच्या फोनवरचा तीन एमबीचा एक फोटो त्या लाइनवरून जायला पाऊण तासाच्या आसपास लागला असता. या कामामागचे मुख्य नाव डॉ. श्रीनिवासन रमणी यांचे. 2014 मध्ये इंटरनेट हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला.

आता यातली मेख पाहा. त्या काळात देशातल्या बहुतेक संस्थांची यंत्रे इंटरनेटला थेट जोडलेली नव्हतीच. ती फोनवरून, सवडीने बोलणारी. तरीही त्यांना अर्नेट.इन या नावाखाली रीतसर पत्ते मिळू शकले, कारण एमएक्सची अट एवढीच आहे की नोंदीत लिहिलेले यंत्र जागे असावे; ज्याच्यासाठी मेल आली आहे तो जागा असलाच पाहिजे असे नाही. जोडलेले यंत्र जोडणी नसलेल्याच्या वतीने मेल घेते आणि जमेल तेव्हा पोचवते. पाठवणाऱ्याला या आतल्या व्यवस्थेचा पत्ताही लागत नाही, लागायची गरजही नाही. त्या वर्षांतले शोधनिबंध चाळले तर लेखकाच्या नावाखाली आयआयटीबी.अर्नेट.इन किंवा पुण्याच्या आयुकाचा आयुका.अर्नेट.इन असे पत्ते दिसतात. त्यामागची यंत्रे कितीदा बदलली असतील, पत्ता मात्र तोच राहिला.

पिनकोडची उपमा इथवरच चालते. पिनकोड जागेला बांधलेला आहे. घर बदलले की तो बदलतो. डोमेनचे नाव जागेला बांधलेले नाही. ते ज्याच्या ताब्यात आहे त्याने एका ओळीत यंत्राचे नाव बदलावे, आणि उद्यापासून मेल पुण्याऐवजी चेन्नईला उतरावी. ढाणकीतल्या संस्थेचा मेल सर्व्हर ढाणकीत असायला हवा असे मुळीच नाही. नाव तेवढे तिचे असले पाहिजे.

हे जवळून पाहू. समजा, सांगलीच्या एका हळद व्यापाऱ्याने ढाणकीजवळच्या शेतकरी उत्पादक कंपनीला भावाची चौकशी मेलने पाठवली. कंपनीचे डोमेन उदाहरण.भारत आहे असे धरू. व्यापाऱ्याचा मेल सर्व्हर ॲट चिन्हानंतरचा भाग वेगळा काढतो आणि आपल्या रिझॉल्व्हरला, म्हणजे डीएनएसकडे चौकशी करून देणाऱ्या प्रोग्रामला, विचारतो, याचा एमएक्स काय? रिझॉल्व्हरकडे उत्तर आधीचे साठवलेले नसेल तर तो मुळापासून सुरुवात करतो. मूळ सर्व्हरची नावे तेरा, ए ते एम. प्रत्यक्षात प्रत्येक अक्षराच्या अनेक प्रती जगभर मांडलेल्या आहेत. मूळ सर्व्हरला उदाहरण.भारत ठाऊक नसते. तो फक्त भारत या नावाचे सर्व्हर कुठले ते सांगतो. भारतचा सर्व्हर उदाहरण या नावाचे सर्व्हर सांगतो. आणि तो तिसरा सर्व्हर दोन ओळी देतो: 10 मेल1.उदाहरण.भारत, 20 मेल2.उदाहरण.भारत. आता मेल1 चा आयपी पत्ता काय, ही आणखी एक विचारणा. मग त्या पत्त्याच्या 25 क्रमांकाच्या पोर्टवर जाऊन दार ठोठवायचे. बहुतेक वेळा हे सारे डोळ्याचे पाते लवायच्या आत होते.

मिळालेल्या उत्तरासोबत एक मुदतही येते, टीटीएल. तेवढे सेकंद ते उत्तर साठवून वापरायची मुभा असते. सर्व्हर बदलायचा असेल तर दोनतीन दिवस आधी ही मुदत कमी करून ठेवावी, हा या धंद्यातला जुना शिरस्ता. तो पाळला नाही की जग दिवसभर जुन्याच दारावर टकटक करत राहते.

सर्व्हरची मांडणी म्हणजे ही विचारणा त्याने कधी करावी, कधी करू नये आणि आलेल्या उत्तराचे काय करावे याच्या सूचना. त्यासाठी मी एक्झिम या प्रोग्रामचे उदाहरण पुढच्या प्रकरणांत बरेच वापरले आहे. केंब्रिज विद्यापीठातल्या फिलिप हेझेल यांनी तो 1995 मध्ये लिहिला. त्यात वाट ठरवणाऱ्या प्रत्येक तुकड्याला राउटर म्हणतात आणि पत्ता एकेका राउटरसमोरून ओळीने जातो. नेहमीच्या मांडणीतला पहिला राउटर डीएनएसलुकअप. त्याला सांगितलेले असते की डोमेन आपले स्वतःचे असेल तर हात लावू नकोस, परके असेल तरच डीएनएसला विचार. पुढच्या ओळीत त्याला काही आयपी पत्ते दुर्लक्षित करायला सांगतात: 0.0.0.0 आणि 127 ने सुरू होणारे. कारण कुणी खोडसाळपणे वा बेफिकिरीने आपल्या एमएक्सचा पत्ता 127.0.0.1 असा ठेवला, तर आपला सर्व्हर तिथे जायला निघेल आणि स्वतःच्याच दारात येऊन उभा राहील. शेवटची ओळ नो मोअर. म्हणजे डीएनएसमध्ये हे डोमेन सापडले नाही तर पत्ता पुढच्या राउटरकडे ढकलायचा नाही. ही ओळ गाळली की परक्या डोमेनचा चुकलेला पत्ता घरातल्या वापरकर्त्यांच्या यादीशी ताडून पाहिला जातो आणि भलत्याच माणसाच्या पेटीत भलत्याची मेल पडू शकते. चार-पाच ओळींच्या या तुकड्यात प्रत्येक ओळ कुणाच्या तरी जुन्या डोकेदुखीतून आलेली आहे.

पोस्टफिक्स या दुसऱ्या मेल प्रोग्रामची बोली वेगळी. तिथे डीएनएसला विचारणे हे गृहीतच असते. न विचारता ठरावीक यंत्राकडे पाठवायचे असेल तर त्याचे नाव चौकटी कंसात लिहायचे. कंस असला की एमएक्स पाहायचा नाही, सरळ त्या यंत्राकडे जायचे. दोन कंसांनी वाट बदलते, म्हणून ते सहज पुसू नयेत.

एमएक्सचे नियम मोजकेच आहेत, पण त्यांच्यात कोपरे आहेत. आकडे सारखे असतील तर कुठलेही यंत्र आधी घ्यावे, म्हणजे ओझे वाटले जाते. एमएक्सची नोंदच नसेल तर त्या नावाचा आयपी पत्ता हाच मेलचा पत्ता मानावा. मेल घ्यायचीच नसेल तर आकडा शून्य आणि नावाच्या जागी नुसते टिंब द्यावे. ही सोय 2015 मध्ये झाली. एमएक्सच्या उजव्या बाजूला आयपी पत्ता लिहायचा नाही आणि टोपणनावही, म्हणजे सीनेम नोंदीतले नाव, द्यायचे नाही. आणि सर्वांत सुंदर नियम: यादीत आपलेच नाव दिसले तर आपला आकडा आणि त्याहून मोठे आकडे असलेली सारी यंत्रे खोडून टाकावीत, फक्त आपल्याहून अधिक पसंतीच्या यंत्राकडेच मेल द्यावी. त्यामुळे मेल दोन यंत्रांमध्ये हेलपाटे घालत बसत नाही. एवढे असूनही पोस्टफिक्सच्या नोंदवहीत ‘मेल स्वतःकडेच परत येते आहे’ अशी तक्रार नेहमी दिसते. तिचे कारण बहुधा एकच असते: एमएक्समध्ये यंत्राचे नाव घातले, पण त्या डोमेनची मेल तुझीच आहे हे यंत्राला सांगायचे राहिले.

एका टिंबाविषयी सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. डोमेनच्या नोंदी जिच्यात लिहितात त्या झोन फाइलमध्ये नावाच्या शेवटी टिंब दिले तर नाव पूर्ण झाले असे समजतात. टिंब राहिले तर सर्व्हर त्यापुढे आपल्या डोमेनचे नाव जोडतो. मग मेल1.उदाहरण.भारत याचे मेल1.उदाहरण.भारत.उदाहरण.भारत असे होते, आणि या नावाचे यंत्र अस्तित्वातच नसते. फाइल वाचताना डोळ्याला सगळे बरोबर दिसते. म्हणून फाइल वाचू नये, डीएनएसलाच विचारावे. डिग या आज्ञेने एमएक्स मागवला की ते लांबलचक नाव लगेच समोर येते.

आता आपल्या भागातला नेहमीचा प्रश्न: लाइट गेली तर? किंवा रस्त्याच्या कामात जेसीबीने केबल तोडली तर? यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे दुसरा, राखीव एमएक्स ठेवा. हा सल्ला आता कालबाह्य झाला आहे असे माझे स्पष्ट मत आहे, आणि या पुस्तकात त्यावर एक सबंध प्रकरण खर्ची घातले आहे. आपला सर्व्हर सापडला नाही म्हणून पाठवणारा हात झटकत नाही. मेल त्याच्या रांगेत थांबते. एक्झिमचा मूळ हिशेब असा, की पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी प्रयत्न, मग एक तासापासून दीडपटीने वाढत जाणाऱ्या अंतराने सोळा तासांपर्यंत, आणि त्यानंतर दर सहा तासांनी चार दिवसांपर्यंत. पोस्टफिक्स पाच दिवस थांबते. म्हणजे राखीव जागा जगातल्या प्रत्येक मेल सर्व्हरवर आपल्यासाठी आधीच ठेवलेली असते. उलट स्वतःच्या राखीव एमएक्सला बहुधा आपल्या वापरकर्त्यांची यादी ठाऊक नसते. ते येईल ते घेते, नंतर पत्ता खोटा निघाला की परतीचे पत्र पाठवते. आणि स्पॅममधला पाठवणाऱ्याचा पत्ता खोटाच असल्याने ते परतीचे पत्र कुणा निरपराध माणसाच्या डोक्यावर आदळते. काही दिवसांत आपलेच यंत्र काळ्या यादीत. स्पॅम पाठवणारे मोठ्या आकड्याचा एमएक्स मुद्दाम शोधतात, कारण तिथली चौकी ढिली असते हे त्यांना पक्के माहीत आहे. दुसऱ्या यंत्रावर पहिल्याइतकीच यादी आणि पहिल्याइतकीच राखण असेल, तरच ते ठेवावे.

रांगेच्या या सोशिकतेला एक अट आहे: अपयश तात्पुरते आहे असे तिला दिसले पाहिजे. चारने सुरू होणारा उत्तरकोड म्हणजे नंतर या, पाचने सुरू होणारा म्हणजे पुन्हा येऊ नका. डीएनएसचेही तसेच आहे. सर्व्हर उत्तर देण्यात नापास झाला, सर्व्हफेल, तर मेल थांबते. असे नावच नाही, एनएक्सडोमेन, असे उत्तर आले तर मेल तत्क्षणी परत जाते. म्हणून मेल सर्व्हर दोन दिवस बंद राहिला तरी बिघडत नाही, पण डोमेनचे नूतनीकरण एक दिवस चुकले तर बिघडू शकते. नवशिके याच्या उलट काळजी करताना दिसतात.

घेणाऱ्याने वाट जाहीर करायची हा 1986 चा करार पाठवणाऱ्याला फार मोकळे सोडत होता. कुणीही कुणाच्याही नावाने मेल पाठवावी आणि घेणाऱ्याने ती मुकाट घ्यावी. स्पॅम आणि फसवणुकीने हे अशक्य केल्यावर पाठवणाऱ्यालाही डीएनएसमध्ये आपली बाजू जाहीर करायची पाळी आली. माझ्या नावाने कुठली यंत्रे मेल पाठवतील, हे एसपीएफ सांगते. मेलवर सही आहे ती या किल्लीने तपासा, हे डीकिम. आणि दोन्ही जुळले नाही तर काय करावे, हे डीमार्क. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना ही तिन्ही सक्तीची केली. यांचा तपशील शेवटच्या भागात आहे. इथे एवढेच, की एसपीएफ तपासताना दहापेक्षा जास्त डीएनएस विचारणा करायची मुभा नाही, आणि उत्साहाच्या भरात पाचसहा सेवांची नावे त्यात घालणारे नेमके तिथेच तोंडघशी पडतात. आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी उलटी नोंद तुमच्या नव्हे, तर इंटरनेट पुरवणाऱ्याच्या हातात असते. त्यामुळे घरगुती ब्रॉडबँडवरून थेट मेल पाठवायचा नाद सोडावा. पोर्ट 25 तिथे बहुधा बंदच असते. 587 वरून, ओळख पटवून, एखाद्या भरवशाच्या सर्व्हरमार्फत पाठवावी.

मराठी वाचकाच्या जिव्हाळ्याची एक बाब. भारत हे देवनागरी डोमेन ऑगस्ट 2014 मध्ये खुले झाले, मराठी आणि कोकणीसकट. डीएनएसला मात्र देवनागरी कळत नाही. तिथे भारतचे रूप एक्सएन--एच2बीआरजे9सी असे होते, आणि विचारणा त्याच रूपात जाते. म्हणजे वाट शोधायला देवनागरी पत्त्याला कुठलीच अडचण नाही. अडचण ॲट चिन्हाच्या डावीकडे आहे. तिथले मराठी नाव तसेच्या तसे पोचवायचे तर वाटेतल्या प्रत्येक सर्व्हरला एसएमटीपीयूटीएफ8 हा 2012 चा विस्तार आला पाहिजे, आणि समोरच्याला तो येतो की नाही हे एमएक्स सांगत नाही; दारात जाऊनच कळते. शिवाय आपल्या लिपीतली एक खास गोम. अमरावती जिल्ह्यातल्या कुऱ्हा गावाचे नाव दोन तऱ्हांनी टंकता येते, ऱ हे अक्षर घेऊन किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. पडद्यावर दोन्ही एकच दिसतात, यंत्राला ती दोन वेगळी नावे. ज्यांना या विषयात नवे संशोधन करायचे आहे त्यांनी इथे जरूर लक्ष घालावे. मराठी माणसाने केले नाही तर हे काम दुसरे कोण करणार?

या पुस्तकासाठी लागणारे पूर्वज्ञान फार नाही. लिनक्सच्या टर्मिनलची भीती नसावी, आयपी पत्ता म्हणजे काय ते माहीत असावे. ग्रामीण भागातल्या कॉलेजांतले संगणकाचे शिक्षक, पतसंस्था आणि बाजार समित्यांतले संगणक सांभाळणारे, सेवा केंद्र चालवणारे तरुण हे वाचक डोळ्यांपुढे आहेत. प्रत्येक प्रकरणानंतरचे प्रयोग करूनच पुढे जावे. एक्झिममध्ये बीटी या पर्यायाने कुठलाही पत्ता देऊन पाहता येतो. मेल न पाठवता ती कुठल्या राउटरने, कुठल्या यंत्राकडे गेली असती, हे तो सांगतो. रोज दहा मोठ्या संस्थांचे एमएक्स डिगने मागवून पाहावेत. कुणाची मेल खरोखर कुठे उतरते हे पाहताना बरेच चेहरे ओळखीचे निघतात, कारण मूठभर कंपन्या निम्म्या जगाची मेल सांभाळतात. त्याबद्दल मला खेद वाटतो, पण नाव आपले असले तर त्यांच्याकडून कधीही निघता येते, म्हणून तो खेद मी आवरता घेतो.

हे नावाचे प्रकरण किती गंभीर आहे, ते एप्रिल 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने दाखवून दिले. सगळ्या बँकांनी, सहकारी बँकांसकट, 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत आपली डोमेन बँक.इन या नावाखाली न्यावीत असा तिचा आदेश निघाला. नोंदणीचे काम हैदराबादच्या आयडीआरबीटीकडे. अशा स्थलांतरात नव्या नावाचा एमएक्स लावणे हे सोपे काम. अवघड काम जुन्या नावाचे. ग्राहकांच्या पत्रव्यवहारात, जुन्या पासबुकांवर, पाकिटांवर तेच नाव छापलेले असते आणि मेल वर्षानुवर्षे तिकडे येत राहते. जुने नाव सोडून दिले आणि तिसऱ्याने ते विकत घेतले, तर त्याने स्वतःचा एमएक्स लावायचा अवकाश, ती सारी मेल रीतसर त्याच्या घरी उतरेल. डीएनएसच्या दृष्टीने त्यात काहीही गैर नसेल.

तेव्हा पहिले प्रकरण उघडण्याआधी एक काम करा. तुमच्या शाळेचे, पतसंस्थेचे, कंपनीचे डोमेन असेल तर ते कुणाच्या नावावर नोंदले आहे, त्याचा पासवर्ड कुणाकडे आहे आणि मुदत कधी संपते हे आजच पाहून घ्या. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या नावावर निघाले, तर ते आधी संस्थेच्या नावावर करून घ्या.